पीसीओएस असताना गर्भधारणेची आयुर्वेदिक तयारी: कशानंतर काय

पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा आजार, आहे आणि मूल हवंय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या पिशवीत शतावरी कल्पाची बरणी आधीपासूनच असते. काहींनी फलघृत हे औषधी तूपही सुरू केलेलं असतं. दोन्ही औषधं मोलाची आहेत, मी स्वतः देते. पण ज्या बाईचं वजन वाढलंय, पाळी दोन-दोन महिने पुढे जातेय, दुपारी जेवल्यावर डोळे मिटतायत आणि मानेवर काळसरपणा आलाय, तिला पहिल्याच दिवशी तूप आणि साखरेतला कल्प देणं म्हणजे तुंबलेल्या वाटेवर आणखी भर घालणं. शतावरी कल्पात निम्म्याहून जास्त साखरच असू शकते, हे डब्यामागची घटकांची यादी वाचली की कळतं. इन्सुलिन नीट काम करत नसलेल्या शरीराला ती साखर नको आहे.

मी वैद्य आहे आणि स्त्रीरोग हाच माझ्या रोजच्या कामाचा विषय. पीसीओएसमध्ये आयुर्वेदाचा उपयोग होतो की नाही, हे माझ्या मते औषधाच्या नावापेक्षा क्रमावर जास्त अवलंबून आहे. कशानंतर काय, आणि काय कधी थांबवायचं, तेच इथे लिहिते आहे.

आधी निदान पक्कं करा

सोनोग्राफीत "पीसीओडी" लिहून आलं म्हणजे निदान झालं असं नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेले निकष आजही पाया म्हणून वापरले जातात. पाळी अनियमित किंवा बीज बाहेर न पडणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत दिसणारी बीजकोशाची विशिष्ट रचना, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं आहे. त्याच वेळी थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिनचा बिघाड नाही ना, हे बघावंच लागतं, कारण त्यांनीही पाळी अशीच लांबते. माझ्या कागदावर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी असते. नुसती उपाशीपोटीची साखर पुष्कळदा फसवते.

सोनोग्राफीत ज्यांना "गाठी" म्हणतात त्या गाठी नसतातच. त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका असतात. त्यामुळे "गाठी विरघळवणारं औषध" असा दावा कुणी केला तर मला तिथेच शंका येते. थांबलेली वाढ पुन्हा सुरू व्हायला हवी, विरघळवण्यासारखं तिथे काही नाही.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात. बायकोने वर्षभर काढे प्यायचे आणि मग कळायचं की शुक्राणू कमी आहेत, हे मला सहन होत नाही. सुश्रुतसंहितेने गर्भ राहण्यासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक सांगितले. योग्य काळ, गर्भाशय, पोषण करणारा रस आणि बीज. त्यातलं बीज दोघांचं आहे.

ग्रंथ काय म्हणतात

पीसीओएस या नावाचा एकच आजार संहितांमध्ये नाही. पण ओळखीची चित्रं आहेत. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात पुष्पघ्नी नावाची जातहारिणी (गर्भ आणि बाळं हिरावून नेणारी) येते. तिला पाळी वेळेवर येते पण ती फुकट जाते, आणि तिचे गाल भरलेले, केसाळ असतात. सुश्रुताने नष्टार्तवाचं, म्हणजे पाळी बंद होण्याचं, कारण सांगताना दोषांनी मार्ग अडवला म्हणून आर्तव (पाळीचा स्राव) दिसत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या चिकित्सेचा सगळा आधार या "अडवलेल्या मार्गात" आहे. अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद होतो, आम (अर्धवट पचलेला अंश) तयार होतो, कफ आणि मेद (चरबी) वाढतात, अपान वायूची, म्हणजे पाळी आणि मल-मूत्र खाली नेणाऱ्या वायूची, गती अडते, आणि बीजपुटिका मोठी होऊन फुटण्याचं काम अर्ध्यावर राहतं.

म्हणून बहुतेकींमध्ये आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारणं, मग शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, आणि त्यानंतर बृंहण, म्हणजे पोषण. शतावरी आणि फलघृताची जागा या शेवटच्या पायरीवर आहे.

"बहुतेकींमध्ये" हा शब्द मी मुद्दाम वापरला. पीसीओएस असलेल्या सगळ्याच जणी स्थूल नसतात. काही सडपातळ असतात, त्यांची त्वचा कोरडी, झोप कमी, शौचाला कडक आणि भूक आज आहे तर उद्या नाही अशी. इथे वात पुढे असतो. अशा मुलीला उपाशी ठेवणं, रोज उद्वर्तन (कोरड्या चूर्णाने अंग चोळणं) करणं, वमन (उलटी करवणारं औषध) देणं हे तिचं नुकसान करणं आहे. तिला वेळेवर स्निग्ध, ऊन जेवण, अभ्यंग (तेलाचं मालिश), बस्ती (गुदमार्गाने दिलेलं औषधी तेल किंवा काढा) आणि रात्रीची झोप हवी, आणि तिला शतावरी लवकर दिली तरी चालते. तिसऱ्या काही जणींमध्ये पित्त दिसतं: तोंडावर पुळ्या, केस गळणं, चिडचिड, आंबट ढेकर. त्यांना विरेचन (औषधाने जुलाब करवणं) मानवतं, आणि तिखट-आंबट-खारट कमी करावं लागतं. तुम्ही यातल्या कुठल्या, हे ठरवल्याशिवाय मैत्रिणीची चिठ्ठी तुमच्या उपयोगाची नाही.

पहिले तीन महिने

बीजपुटिकेची शेवटची वाढ पूर्ण व्हायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून मी तयारीचा काळ तेवढाच धरते. या काळात शोधनाची किंवा तीक्ष्ण औषधं चालू असतील तर गर्भ राहू नये यासाठी कंडोम वापरायला सांगते. मूल हवं असलेल्या जोडप्याला हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचं कारण पुढे येईल.

आहाराचं सूत्र कफप्रधान बाईसाठी असं: भूक लागल्यावरच जेवायचं, आणि आधीचं पचल्यावरच. दिवसात दोन मुख्य जेवणं, मध्ये सतत चघळणं बंद. धान्यांत जव सगळ्यात वर, कारण तो रुक्ष आहे आणि मेद कमी करतो. जुना तांदूळ, मूग, पडवळ, कारलं, मेथीची भाजी चालतात. सुश्रुताने नष्टार्तवात कुळीथ, तीळ आणि ताक सांगितलंय, आणि मी ते अक्षरशः वापरते: आठवड्यातून तीन-चार वेळा कुळथाचं कढण, जेवणात चमचाभर काळे तीळ, दुपारी जिरं-सुंठ घातलेलं पातळ ताक. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांनी कुळीथ सोडावा, तो उष्ण आहे. रात्रीचं दही, मैदा, बेकरीचे पदार्थ, गोड पेयं आणि फळांचे रस बंद. फळ खायचं तर चावून खा.

वजन जास्त असेल तर आकडा लक्षात ठेवा: ५ ते १० टक्के. ८० किलोच्या बाईचे ४ ते ८ किलो उतरले तरी पुष्कळदा बीज आपोआप बाहेर पडायला लागतं. "आदर्श वजन" गाठेपर्यंत थांबायची गरज नाही, आणि महिन्यात दहा किलो उतरवण्याच्या नादाला तर लागूच नका. तसल्या उपासाने पाळी आणखी बिघडते.

व्यायामाला आयुर्वेद अर्धशक्तीची मर्यादा घालतो. कपाळावर, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं. सुरुवात इथून करा आणि शक्ती वाढेल तसं वाढवत न्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं दमवणारी चाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हे आजचं प्रमाण या नियमाच्या आड येत नाही. दुपारी झोपू नका. रात्री अकराच्या आत अंथरुणावर. जागरणाने वात वाढतो आणि सकाळची भूक मरते. ज्या घोरतात आणि झोपून उठल्यावरही थकलेल्या असतात, त्यांनी झोपेतला श्वास थांबण्याची तपासणी करून घ्यावी, पीसीओएसमध्ये ती तक्रार जास्त आढळते.

उद्वर्तन घरी करता येतं. कुळथाचं पीठ आणि त्रिफळा चूर्ण समप्रमाणात, कोरडं, अंघोळीआधी दहा मिनिटं मांड्या, पोट, दंड यांवर खालून वर चोळायचं. त्यानं चरबी वितळते असं मी म्हणणार नाही. पण अंगाचा जडपणा जातो, आणि जडपणा गेला की बाई चालायला बाहेर पडते. त्वचेवर पुरळ असेल तर करू नये.

औषधं, आणि कुणाला कुठलं नको

दीपन-पाचनासाठी सुंठ, त्रिकटू, चित्रक यांसारखी औषधं असतात. मेदासाठी कांचनार गुग्गुळ, त्रिफळा, वरुण. आर्तवासाठी लताकरंज, कोरफड आणि बाळंतशेपा. बाळंतशेपेला काश्यपसंहितेत शतावरीच्या जोडीने स्वतःचा कल्प आहे, आणि मला ती फार आवडते, कारण ती भूकही वाढवते आणि वाताचं अनुलोमनही करते, म्हणजे त्याला खालच्या दिशेने नेते. मात्रा मी इथे देत नाही. ती प्रकृती, पाळीचा दिवस आणि चालू असलेली इतर औषधं बघूनच ठरते.

अशोकारिष्टाबद्दल थांबून सांगते, कारण पाळी न येण्यावर ते सर्रास घेतलं जातं. अशोक स्तंभन करणारा, म्हणजे स्राव थांबवणारा आहे. अंगावरून जास्त जात असेल तेव्हा त्याचा उपयोग. तीन महिने पाळी नाही म्हणून अशोकारिष्ट पिणं म्हणजे बंद दाराला आणखी कडी लावणं.

रजःप्रवर्तनी वटीत कासीस, टंकण, हिंग आणि कोरफड असतात. पाळी आणण्यासाठी ती चांगली आहे. पण सुश्रुतसंहितेत ऋतुकाळाबद्दल बोलताना एक महत्त्वाची गोष्ट येते: आर्तव दिसत नसतानाही ऋतू असू शकतो, असं काहींचं मत तिथे नोंदवलंय. पीसीओएसमध्ये याचा अनुभव नेहमी येतो. पाळी आलेली नसते, तरी मध्येच कधीतरी बीज बाहेर पडलेलं असतं आणि दिवस राहिलेले असतात. म्हणून रजःप्रवर्तनी, विरेचन, गुग्गुळाचे कल्प, यांतलं काहीही सुरू करण्याआधी लघवीची गर्भतपासणी करायचीच. पाळी लांबली म्हणून घरात पडलेली गोळी घ्यायची सवय मोडा. कंडोमबद्दल वर जे म्हटलं त्याचंही कारण हेच.

आता धातूंच्या औषधांचं. पुष्पधन्वा रस "बीज वाढवण्यासाठी" म्हणून सुचवला जातो. त्याच्या पाठात रससिंदूर आणि नागभस्म आहे, म्हणजे पारा आणि शिसं. आरोग्यवर्धिनीत कज्जली (पारा आणि गंधक) आणि ताम्रभस्म (तांबं) आहे. रसशास्त्र मी शिकले आहे आणि त्याचा आदर करते, तरीही गर्भ राहावा म्हणून प्रयत्न करणाऱ्या बाईला मी पारा-शिशाचे कल्प देत नाही. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात तिथून रक्तात उतरून वारेतून बाळापर्यंत पोचतं. न्यू यॉर्क शहरात २०११-१२ मध्ये आयुर्वेदिक गोळ्या घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं होतं, आणि त्यांतल्या काहींनी त्या गोळ्या गर्भ राहावा म्हणूनच घेतल्या होत्या. आपल्याकडे औषध कायद्याच्या ई-१ अनुसूचीतली विषारी द्रव्यं असलेल्या आयुर्वेदिक औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापावी लागते. ती शोधा. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी बघा. पुडीत बांधून दिलेलं बिनानावाचं चूर्ण घेऊ नका, ते कितीही मोठ्या नावाच्या माणसाने दिलेलं असो.

गुळवेल आणि अश्वगंधा या दोन्हींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कावीळ होऊन गेली असेल, यकृताचे रिपोर्ट बिघडलेले असतील तर स्वतःहून घेऊ नका. अश्वगंधा आणि गुग्गुळ दोन्ही थायरॉइडवर परिणाम करू शकतात, त्यामुळे थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी सांगितलंच पाहिजे. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीबरोबर मेथीदाणे किंवा गुडमार मोठ्या मात्रेत घेतले तर साखर खाली जाऊ शकते. आणि आसव-अरिष्टांत आपोआप तयार झालेलं मद्य असतं, म्हणून प्रयत्न सुरू झाल्यावर मी ती बंद करून काढ्यावर किंवा चूर्णावर येते.

पंचकर्म

बल चांगलं असलेल्या कफप्रधान बाईला वमन, पित्तप्रधान बाईला विरेचन, वातप्रधान बाईला बस्ती. त्याआधी स्नेहपान (औषधी तूप पिणं) आणि स्वेदन (शेक देऊन घाम काढणं), त्यानंतर पेया-विलेपीपासून, म्हणजे पातळ पेजेपासून, चढत जाणारा संसर्जन क्रम. तीन दिवसांत उरकलेलं पंचकर्म मला मान्य नाही. संसर्जन क्रम गाळून बाई चौथ्या दिवशी लग्नाचं जेवण जेवली तर आधीचं सगळं वाया जातं.

उत्तरबस्ती पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, गर्भाशयात सिद्ध तेल किंवा तूप देऊन केली जाते. ती निर्जंतुक खोलीत, स्त्रीरोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांकडूनच करून घ्या. योनिमार्गात जंतुसंसर्ग असताना करायची नाही. शोधन पूर्ण झाल्यानंतर निदान एक पाळी जाऊ द्यावी आणि मग प्रयत्न सुरू करावेत.

ऋतुकाळ कसा ओळखायचा

पाळीपासून बारा किंवा सोळा रात्री हा ग्रंथातला ऋतुकाळ २८-३० दिवसांच्या चक्राला बसतो. तुमचं चक्र ४५ दिवसांचं असेल तर बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे एकतिसाव्या दिवसाच्या आसपास. दहाव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत प्रयत्न करून मग महिनाभर निराश राहणाऱ्या जोडप्यांना मी हे कागदावर काढून दाखवते.

बाजारातले बीजोत्सर्ग ओळखणारे किट एलएच, म्हणजे बीज बाहेर पडण्याआधी चढणारं हार्मोन, मोजतात. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढलेलं असू शकतं, त्यामुळे ते खोटी रेघ दाखवतात. त्यापेक्षा स्राव बघा: अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव दिसला की तो काळ. सकाळी उठल्याउठल्या घेतलेलं तापमान बीज बाहेर पडल्यावर अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने वर जातं. तीन महिन्यांच्या नोंदी ठेवल्या की तुमचं शरीर तुम्हाला कळू लागतं. दिवस मोजण्याचा ताण नको असेल तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा, एवढं पुरतं. चरकाने गर्भधारणेला मदत करणाऱ्या गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला सर्वश्रेष्ठ म्हटलंय. म्हणून सासूबाईंना, आईला "काय बातमी?" विचारणं थांबवायला सांगणं हे मी नवऱ्याचं काम ठरवून देते.

याच टप्प्यावर फलघृत आणि शतावरी आणायची, साखर नसलेल्या रूपात. आणि रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. त्याला आयुर्वेदिक पर्याय शोधू नका. ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी आहे आणि गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून हवं.

किती थांबायचं

वय ३५ च्या आत असेल आणि तयारीनंतर चक्र नियमित झालं असेल तर सहा महिने माझ्या मते योग्य आहेत. ३५ च्या पुढे मी इतकं थांबत नाही, पहिल्या दिवसापासून स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून चालते. बीज बाहेर पडत नसेल तर लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचं औषध आहे, आणि त्याच्यासमोर ठेवता येईल एवढा मोठ्या चाचण्यांचा पुरावा आयुर्वेदिक औषधांमागे नाही. ते घ्यायला लागलात तर आर्तवप्रवर्तक औषधं बंद करा. आहार, व्यायाम, झोप तशीच ठेवा. हा पराभव नाही. तयार झालेल्या शरीरावर कुठलंही औषध चांगलं चालतं.

एक मर्यादा मात्र सगळ्यांसाठी: ९० दिवसांहून जास्त पाळी आली नाही तर काढ्यांवर बसून राहू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वर्षानुवर्षं तसं राहिलं तर कर्करोगाचा धोका वाढतो. सोनोग्राफी करून अस्तर बघा.

दिवस राहिल्यावर

तपासणी सकारात्मक आली त्याच दिवशी गुग्गुळ, लताकरंज, कोरफड, अश्वगंधा, त्रिफळा आणि सगळे भस्मकल्प बंद. फलघृत किंवा शतावरी चालू ठेवायची का, हे वैद्यांना विचारून ठरवा. मेटफॉर्मिन चालू असेल तर ते मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी. पीसीओएसमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका जास्त असतो, त्यामुळे साखर पहिल्याच भेटीत तपासून घ्या आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. आणि गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक चूर्णाची, गोळीची, तुपाची यादी प्रसूतितज्ज्ञाच्या हातात द्या. त्या रागावतील म्हणून लपवू नका.